याकोबमामांचा बुधवार

आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी गाड्यांवर लावायला क्रुसाची स्टिकरं वाटली. सगळ्यांनी घेतली, याकोबमामांनी मात्र आपलं परत केलं. "नगं साहेब," म्हणाले, "म्या राँग साइडनं जातो. उगं त्याचं नाव खराब व्हतंय."

मामा लातुरात माझ्या घरासमोर राहतात. डाळमिलच्या मशिनी दुरुस्त करतात. रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर असतात, गाणी सगळ्यांत मोठ्यानं म्हणतात. पण सोमवार उजाडला की प्रभूचा अन् त्यांचा संबंध संपला! जेवायच्या आधी प्रार्थना करत नाहीत. का, तर म्हणे, "आमटी माझ्या हातची हाय. असल्या आमटीला आशीर्वाद मागायचा म्हंजे त्यालाच अडचणीत टाकायचं." मिलमध्ये बायबल का नेत नाही? तर भुसा उडतो. सकाळी दोन मिनिटं तरी डोळे मिटा म्हटलं, तर म्हणतात, "आठवडाभर सगळी दुनिया त्याच्या मागं लागून राहिली. म्या तरी त्याला आराम देतो की!"

आमच्या मंडळीत दर बुधवारी संध्याकाळी सहाला एकेकाच्या घरी प्रार्थना असते. कुणाची पाळी कधी, ती यादी माझ्याकडे. मी शाळेत शिकवते, हजेरी घ्यायची सवय, कुणाला सोडत नाही. मामा मात्र आठ वर्षं माझ्या हातून निसटत आले. मंडळीची मोठी सतरंजी त्यांच्याकडेच असते. ती खांद्यावर टाकून प्रत्येक घरी येतात, अंथरतात, झटकतात, गुंडाळून परत नेतात. स्वतःच्या घराचं नाव काढलं की, "प्रभूचं अन् माझं बराबर हाय बाई, निस्तं आज न्हाई." कधी दहा दिवसांनी नेमकं त्याच दिवशी नळाला पाणी येणार असतं. कधी भिंतीचा रंग ओला असतो. एकदा तर म्हणाले, घरात मिरच्या वाळत घातल्यात, सगळ्यांना ठसका लागंल. भर श्रावणात! मी मनातल्या मनात म्हणायची, नाचता येईना अंगण वाकडं.

परवाच्या बुधवारी मंडळीतल्या रूथच्या घरी प्रार्थना होती. सहा वाजले तरी सतरंजी आली नाही. मी तणतणत मामांच्या घरी गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. ढकललं, आणि उंबऱ्यातच थांबले.

पुढच्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सतरंजी अंथरलेली. तिच्यावर गाण्यांची पुस्तकं ओळीनं मांडलेली. ओट्यावर वीस कप धुऊन पालथे घातलेले. आणि मामा मधोमध एकटेच बसलेले, अंगात रविवारचा सदरा.

मला बघून दचकले. "झटकायला काढली व्हती," म्हणाले.

"आणि कप?"

"कप... धूळ लई बसती."

मी ओळीनं मांडलेल्या पुस्तकांकडे बघितलं. मग तेच म्हणाले, "दर बुधवारी मांडतो, बाई. वाटतं, आज सगळ्यांना हाक मारावी. सहा वाजायला आले की हिंमत जाती. मंग गुंडाळून तुमच्याकडं आणतो. आज उठवलंच न्हाई."

आठ वर्षांपूर्वी मामांची बायको, मार्थामामी आजारी होत्या, तेव्हा याच घरात, याच सतरंजीवर बसून आम्ही सगळ्यांनी त्यांच्यासाठी प्रार्थना केली होती. तोही बुधवारच.

"सगळ्यात मोठ्यानं आमेन म्या म्हणलो," मामा म्हणाले. "शुक्रवारी ती गेली. आता त्यो ह्या घरात आला, तर म्या भांडीन. लई वंगाळ बोलीन. चार माणसांत पाव्हण्याला असं बोलावं का?" सतरंजीची दशी ओढत म्हणाले, "अन् एवढं मांडून त्यो आलाच न्हाई, तर?"

आठ वर्षं मी या माणसाच्या बहाण्यांवर हसत होते, लाज वाटली मला. रूथला फोन करून सांगितलं, चटईवर बसा, आम्ही येत नाही. आणि मामांना म्हटलं, "चहा टाका."

"प्रार्थना न्हाई करायची."

"नाही करत. मामी चहात आलं घालायच्या, तेवढं घाला."

त्यांनी आलं ठेचून चहा केला. विसातले दोन कप सरळ केले. आम्ही समोरासमोर बसलो. मी कप तोंडाला लावला. मामांनी त्यांचा हातात धरला आणि डोळे मिटले. ओठ हलत होते. एकदा कपाळाला आठी पडली, मान जोरात हलली. भांडत असावेत. बराच वेळ भांडत होते. मग चेहरा हळूहळू सैल झाला, आणि गालांवरून पाणी ओघळलं.

डोळे उघडले तर मी समोरच. घाईघाईनं बाहीनं तोंड पुसलं.

"तसलं काय न्हाई, बाई. चहाची वाफ गेली डोळ्यात."

"लई वाफ आहे," मी म्हटलं.

त्यांच्या कपातल्या चहावर केव्हाच जाड साय धरली होती.