विषय : कृपा

शनिवारी चारला दहा मिनिटे कमी असताना गणिताच्या सरांनी शाळेच्या सभागृहातला पडदा बोटभर सरकवून बाहेर पाहिले आणि लगेच सोडून दिला.

"किती आलेत?" ताईने विचारले. ताई म्हणजे सरांची थोरली बहीण. आठवडाभर इस्पितळात परिचारिका आणि सुट्टीच्या दिवशी बँडची गायिका.

"दीडशे तरी असतील."

"आपल्याकडे पाळक तर अकराच आहेत."

"तेच म्हणतोय मी," सर म्हणाले आणि गिटारच्या पेटीवर खाली बसले.

त्यांच्या बँडचे नाव 'खडक'. बायबलात प्रभूला खडक म्हणतात आणि संगीत रॉकचे, म्हणून दोन्ही बाजूंनी चालेल असे नाव. गिटार सरांची. ड्रम वाजवणारा पेशाने प्लंबर होता, पण त्याला सगळे धडाका म्हणत. तीन वर्षे चर्चमागच्या अडगळीच्या खोलीत सराव करून त्यांनी नऊ गाण्यांचा अल्बम तयार केला होता. नाव 'कृपा'. मात्र या सरावाने मंडळीतली म्हातारी माणसे हैराण झाली होती. शेवटी थोरल्या पाळकसाहेबांनी निवाडा दिला, "सगळ्या चर्चच्या पाळकांना एकदा ऐकवा. आवडलं तर उपासनेत गा. नाही आवडलं तर सोमवारी खोली रिकामी करा. तिथं कपाटं ठेवायची आहेत."

म्हणून सरांनी शाळेचे सभागृह मागून घेतले, सूचनेचा मजकूर लिहिला आणि पाळकांच्या फोन नंबरांच्या यादीसह कार्यालयातल्या लेखनिक बाईंकडे पाठवायला दिला. आता त्याच बाई पडद्याआड आल्या. चेहऱ्यावर समाधान होते.

"काय गर्दी आहे हो सर. वार्षिक सभेलासुद्धा एवढे पालक येत नाहीत."

"बाई, मी पाळकांना बोलावलं होतं."

"तेच तर. तुम्ही 'पालक'ला ळ लावला होता. गणिताचे सर आहात म्हणून मी काही बोलले नाही, गुपचूप दुरुस्त केलं. मुलं वाचतात हो असलं."

"पाळक म्हणजे चर्चचे धर्मगुरू."

बाईंनी क्षणभर विचार केला. "मग तसं स्पष्ट लिहायचं."

"आणि मी दिलेली यादी?"

"ती होय? मला वाटलं नापास मुलांची आहे. ठेवली बाजूला. चारचौघांत कशाला कुणाची शोभा करायची?"

सरांनी बाईंच्या हातातली सूचना घेऊन वाचली. 'सर्व पालकांनी शनिवारी चार वाजता अवश्य यावे. विषय : कृपा. गणिताचे सर.' चारच दिवसांपूर्वी त्यांनी सहामाहीचे पेपर वाटले होते आणि निम्मा वर्ग आडवा झाला होता.

"सगळ्यांना वाटतंय, मी कृपागुण वाटणार आहे."

"मलाही तसंच वाटलं," बाई म्हणाल्या. "म्हटलं, सरांना उशिरा का होईना, दया आली."

सर गिटार पेटीत ठेवू लागले. ताईने त्यांचा हात धरला. "थोरले पाळकसाहेब आलेत. त्यांना मी तोंडी सांगितलं होतं. त्यांनी हो म्हटलं की बाकीचे दहा मान डोलावतात. चल, ऊठ."

थोरले पाळकसाहेब खरोखरच तिसऱ्या रांगेत बसले होते. शेजारच्या गृहस्थांनी त्यांची चौकशी सुरू केली होती.

"तुमचे किती जण आहेत या शाळेत?"

"माझ्याकडे तीनशे आहेत," पाळकसाहेब म्हणाले.

"तीनशे?"

"लहानमोठे धरून. सांभाळता सांभाळता जीव जातो."

गृहस्थ एक खुर्ची सोडून बसले.

पडदा उघडला. 'खडक'ने अल्बममधले सगळ्यात दणदणीत गाणे आधी घेतले, कारण तसेच ठरले होते. धडाकाने पहिला ठोका दिला आणि खिडक्यांच्या काचा थरथरल्या. सरांची गिटार किंचाळत वर गेली. ते गाणे खरोखर चांगले होते. पहिल्या कडव्यानंतर सुरांची जी लाट येई, तिच्यासाठी सरांनी सहा महिने बोटे झिजवली होती. त्या लाटेला पाळकसाहेबांनी दोन्ही कानांत बोटे घातली.

"संपलं," सर तोंडातल्या तोंडात म्हणाले.

गाणे थांबले तसे पालक उठले. आता मुद्द्याचे बोला, असा सगळ्यांचा चेहरा होता. एक आई तडक मंचावर चढली आणि मुलाचा पेपर तिने ड्रमवर पसरला.

"सर, हे बघा. पद्धत बरोबर आहे, फक्त उत्तर चुकलंय."

"अहो, तो ड्रम आहे," धडाका म्हणाला.

"असू दे, मला चालेल."

तिच्यामागे रांगच लागली. पाहता पाहता ड्रमवर पेपरांची चळत साचली, वर कुणीतरी पिशवी ठेवली. काय करावे ते न कळून ताईने दुसरे गाणे सुरू केले. अल्बमच्या नावाचे.

"गुण नव्हते माझ्या पदरी, तरी झाली कृपा. शून्य घेऊन आलो दारी, तरी झाली कृपा."

सगळ्या माना मंचाकडे वळल्या.

"काय म्हणाल्या त्या?" मागून कुणीतरी विचारले.

"शून्य असलं तरी होईल म्हणतायत."

"हे लेखी देणार का?"

"लेखी कशाला, रेकॉर्ड करा."

पाळकसाहेबांच्या शेजारून सरकलेल्या त्या गृहस्थांचा फोन नेमका बंद पडत आला होता. त्यांनी भिंतीजवळचा एक प्लग उपटला आणि आपला चार्जर खुपसला. त्याच क्षणी सरांची गिटार मुकी झाली आणि ताईचा माइक गेला. सर तारा छेडत राहिले. त्यांचे त्यांनाच ऐकू येईना. धडाका पिशवीकडे बघत बसला होता. ताई मात्र इस्पितळाच्या लांबलचक वॉर्डात हाक मारायला सरावलेली. ती उघड्या गळ्याने गात राहिली आणि दुसऱ्या ओळीपासून दीडशे पालक तिच्याबरोबर गाऊ लागले. कुणाचे डोळे मिटलेले, कुणाचे हात जोडलेले. एका आजोबांना तर रडू फुटले. त्यांचा नातू तिसऱ्यांदा त्याच वर्गात होता.

"तरी झाली कृपा," सगळे म्हणत होते.

सरांनी मान खाली घातली. होती नव्हती ती सगळी लाज एकाच दुपारी गेली होती आणि सोमवारी खोलीही जाणार होती. वर या दीडशे जणांना 'कृपागुण मिळणार नाहीत' हे सांगायचे होतेच.

गाणे संपल्यावर पाळकसाहेब काठी टेकत मंचाकडे आले. त्यांचे डोळे ओले होते.

"चाळीस वर्षं कृपेवर प्रवचन करतोय," ते म्हणाले. "इतक्या तळमळीनं कृपा मागणारी माणसं मी आज पहिल्यांदा पाहिली. बाकीच्या दहा जणांना मी सांगतो. खोली तुमची. उद्याच्या रविवारपासून उपासनेत तुम्हीच."

सरांनी मान वर केली. "पाळकसाहेब, खरंच?"

"पहिलं गाणं सोडा, ते कुणाला ऐकवू नका. पण दुसरं. वाद्यांचा असा संयम मी कुठं पाहिला नाही. ती गिटार तर ऐकूसुद्धा येत नव्हती. काय हात आहे तुमचा. अख्खा अल्बम असाच करा."

पाळकसाहेब गेले आणि पेपर सरांच्या भरवशावर सोडून पालकही पांगले. सरांनी एकदा भिंतीवरच्या चार्जरकडे पाहिले, एकदा गिटारकडे.

"ताई, सहा महिने गेले गं त्या लाटेवर," ते हळूच म्हणाले.

"खोली तर राहिली."

ड्रमवरचे पेपर उचलत धडाकाने विचारले, "ते ठीक आहे, पण रविवारी मी काय करायचं?"

"गप्प बसायचं," ताई म्हणाली. "पण तालात."