अर्ध्या ग्राउंडाची टीम

"कारंज्याची मॅच आपल्या पोरी जिंकल्या नाहीत, त माह्यं जानराव हे नावच बदलून टाका!"

जय किसान क्रीडा मंडळाच्या बैठकीत जानरावांनी ही गर्जना केली आणि टेबलावर अशी थाप मारली की अध्यक्षांचा चहा कपातून बशीत आला.

अध्यक्ष पुंजाजींनी तो शांतपणे बशीतूनच प्यायला. मग म्हणाले, "नाव कायले बदलता? आमी कोचच बदलतो ना! दोन वर्सं झाले, पोरी एक मॅच जिंकल्या नाहीत. कप राहू द्या, एक मॅच जिंका. हरल्या त वाशिमचा कोच आनतो."

सगळी बैठक हसली. जानराव सोडून.

जानरावांची मेडशीत पिठाची गिरणी. तरुणपण कबड्डीत गेलेलं. बास्केटबॉल ते मोबाइलवर व्हिडिओ पाहून शिकले, तेही दळण टाकता टाकता, त्यामुळे अर्धे नियम पिठात गेले. पण गावातल्या अकरा पोरी त्यांना 'सर' म्हणत. आता तुम्हीच सांगा, ज्या माणसाला गावाने जन्मभर 'ओ गिरणीवाले' एवढीच हाक मारली, त्याला कोणी 'सर' म्हणायला लागलं तर त्याचं काय होईल? जानराव आंघोळीआधीच शिट्टी गळ्यात घालत! बायको भागिरथा म्हणे, "अवो, शिट्टीले तरी साबन लावून घ्या!" ते कोचपद गेलं असतं तर माणसाने अंथरूणच धरलं असतं.

टीम तशी वाईट नव्हती. रूपा बॉल घेऊन पळाली की गावची कुत्रीही नाद सोडून देत. सुकेशनीचा नेम असा की चिंचा पाडायला तिला दगड दुसऱ्यांदा उचलावा लागत नसे. आणि कॅप्टन संस्कृती! नववीतच घराच्या चौकटीतून वाकून जाणारी. या उंच पोरीला टीममध्ये आणण्यासाठी जानरावांनी तिच्या आजीशी सौदा केला होता.

आजी म्हणजे गोजराबाई. पंधरा एकरांची मालकीण. तिने वावरात हाक मारली की शेजारच्या वावरातले बैल थांबत.

"पोरगी देतो," आजी म्हणाली होती, "पन तुमच्या सिमेटच्या ग्राउंडावर अर्ध्यात माह्यं सोयाबीन वाळन. बोला!"

जानराव लगेच बोलले. सुगीत सिमेंटची जागा दिसली की तिथे सोयाबीन पडणारच. रस्ता सुटत नाही, शाळेचं अंगण सुटत नाही, मग ग्राउंड कसं सुटेल? वर त्यांनी तत्त्वज्ञानही काढलं, "जे अर्ध्यात शिकतात ते पुऱ्यात वाघ होतात!"

झालं! दोन महिने अर्ध्या ग्राउंडावर सोयाबीन आणि अर्ध्यावर अकरा पोरी. सोयाबीनच्या काठावर बाज, बाजेवर आजी, आजीच्या हातात काठी. "दान्यावर पाय पडला त तंगडी मोडून हातात देईन!" हा मंत्र रोज शंभर वेळा. पोरी पुढेपुढे आजीच्या बाजूला बघेनातसुद्धा. बॉल तिकडे गेला की काठावर उभं राहून हात जोडून मागत. जानराव खूश! म्हणत, "पाहा, काय शिस्त आहे माह्या टीमची!"

मॅचच्या दिवसापर्यंत सोयाबीन पोत्यांत भरून झालं होतं. आजी मोकळी झाली आणि नातीची मॅच पाहायला एस.टी.त सगळ्यांच्या आधी खिडकी धरून बसली.

कारंज्याचं ग्राउंड पाहून जानरावांचे डोळे दिपले. पुरं मोकळं! एक दाणा नाही! आजी डाव्या अंगाला लिंबाच्या सावलीत खुर्चीवर बसली, शिट्टी वाजली आणि मॅच सुरू झाली.

पहिल्या मिनिटाला जानरावांना वाटलं, काहीतरी डावपेच असेल. दुसऱ्या मिनिटाला त्यांच्या कपाळाला घाम आला. मेडशीच्या पाचही पोरी ग्राउंडाच्या उजव्या अंगाला चिकटल्या होत्या! रूपा बॉल घेऊन सुसाट निघायची आणि मधोमध आली की समोर विहीर दिसल्यासारखी थांबायची. कारंज्याच्या पोरी आधी घाबरल्या, मग गोंधळल्या, मग डाव्या बाजूने आरामात जाऊन बास्केट करू लागल्या.

"तिकडं जा! डाव्या अंगानं जा!" जानरावांनी घसा फोडला. पोरी हलेनात. पहिला डाव संपला तेव्हा कारंजा दहा, मेडशी दोन!

"संस्कृती, काहून जात नाहीस व तिकडं?"

"सर, तिकडं आजी आहे."

"मंग?"

"पायच उचलत नाही सर. आजी दिसली का सोयाबीनच दिसते."

जानराव आ वासून उभे राहिले. दोन महिने ज्याला ते शिस्त म्हणत होते, ते भलतंच निघालं होतं! पण गडी कबड्डीतला, लवकर सावरला. धावत जाऊन म्हणाले, "काकू, अथी ऊन येते. त्या बाजूले बसा." खुर्ची उचलून उजव्या अंगाला ठेवली. आता पोरी डावीकडून खेळतील!

खेळल्या ना. फक्त डावीकडूनच! आता उजवं अंग ओस पडलं. सोळा-सहा.

मग त्यांनी खुर्ची आपल्याच बास्केटच्या मागे नेली. बाजू तरी दोन्ही मोकळ्या होतील! झाल्या. पण आपलं बास्केट राखायला मागे एकही पोरगी येईना. कारंज्याच्या पोरी एकेक येत आणि फडताळात डबा ठेवावा तसा बॉल बास्केटमध्ये ठेवून जात. बावीस-बारा! शेवटचा एक डाव उरला. जानरावांना ग्राउंडावर वाशिमचा कोच शिट्टी घालून फिरताना दिसू लागला.

ते आजीपुढे जाऊन हातच जोडून उभे राहिले. "काकू, दहा मिनिटं बाहेर जाऊन बसा ना!"

"काहून? अर्ध्या तिकिटात आली म्हनून अर्धीच मॅच पाहू काय?"

"अवो, तुमच्या भेवानं पोरी खेळून नाही राह्यल्या! तुमी जिथं बसता, तिथं त्यायले सोयाबीन दिसते!"

आजीचा चेहरा खर्रकन उतरला. एवढा धक्का तिला सोयाबीनचा भाव पडल्यावरही बसला नव्हता. "माह्या भेवानं? माही नात हरून राह्यली?" ती उठली. पदर कमरेला खोचला. आणि मग जो आवाज निघाला, त्याने पंचाच्या तोंडातली शिट्टी खाली पडली.

"संस्कृते! रुपे! सुकेशनी! अथी सोयाबीन नाही, काई नाही! तुडवा! सारं ग्राउंड तुडवा! मी म्हनतो!"

आणि नंतर, बाप्पा! दावं तोडून गुरं सुटावीत तशा पोरी सुटल्या! डावीकडून रूपा, उजवीकडून सुकेशनी, मधून संस्कृती. कारंज्याच्या पोरींना सारखं अर्धं ग्राउंड रिकामं पाहायची सवय झाली होती. एकाएकी सगळीकडूनच मेडशी दिसायला लागल्यावर त्या एकमेकींवर आदळू लागल्या. शेवटच्या क्षणी सुकेशनीने लांबून चिंच पाडली. सत्तावीस-सव्वीस! मेडशी जिंकली! पुढची मॅच पोरी सडकून हरल्या, पण ती कोण मोजतं?

परतीच्या एस.टी.त जानराव रडले. उघड रडले. पोरी म्हणाल्या, "सर, रडू नका ना!" तर त्या 'सर'ने आणखीच रडू आलं.

आठ दिवसांनी बैठक भरली. जानराव कडक इस्त्रीचा शर्ट घालून गेले.

"मी म्हनलो होतो," पुंजाजी म्हणाले, "हरल्या त वाशिमचा कोच. पोरी जिंकल्या. वाशिमचा कोच रद्द!"

जानरावांनी मिशीवरून हात फिरवला.

"गावातलाच ठेवू. पोरींचा अर्ज आला आहे, अकराच्या अकरा सह्या. त्यायले कोच म्हनून गोजराबाई पाह्यजे."

जानरावांचा हात मिशीवरच राहिला. कसेबसे म्हणाले, "अवो, तिले नियम कुठं येतात?"

"तुमाले येतात?" पुंजाजींनी विचारलं.

दाराशी गोजराबाई उभीच होती. म्हणाली, "मी येत जाईन. पन माही तूर आजच ग्राउंडावर पडली. तिच्यापाशी बसाले भरवशाचा मानूस पाह्यजे."

सगळी बैठक जानरावांकडे पाहू लागली.

"बसतो," ते हळूच म्हणाले. "पन पोरींनी मले सरच म्हनलं पाह्यजे."

"म्हनतीन ना," आजी म्हणाली, "पन लांबून. तुरीवर पाय पडाले नको."