वेळेला साळवे

विजेचा तुटवडा पडला की खूश होणारा माणूस मी एकच पाहिला आहे, आणि तो नेमका आमच्या वरच्या मजल्यावर राहतो. साळवे देव मानत नाहीत. मानत असते तर तुटवड्यासाठी देव पाण्यात घालून बसले असते.

वाळूजच्या पलीकडं तेलावर चालणारं एक वीजकेंद्र आहे. चालणारं, हे आपलं म्हणायला. संध्याकाळी सौर वीज संपते, घरोघरी एसी लागतात, वीज कुठूनच पुरेनाशी होते, तेव्हा मुख्य कार्यालयातून फोन येतो आणि हे केंद्र तासभर धूर सोडतं. एरवी ते जाड तेल गोठू नये म्हणून तापवत बसायचं, एवढंच साळव्यांचं काम. तोरा मात्र असा, की महाराष्ट्र यांच्याच खांद्यावर उभा आहे.

"कोळशाचं केंद्र म्हंजी हत्ती. उठायलाच दिस जातो," ते जिन्यात अडवून सांगतात. "आपलं मशीन हाक मारली की हजर. वेळेला कोण? साळवे."

ड्युटी नसली तरी मशीन सुरू करायला यांनाच बोलावतात म्हणे. यंदा मात्र फोनच आला नाही. उन्हाळा असाच गेला तर केंद्र भंगारात काढणार, असं साहेब बोलले. झालं, महाशयांनी लोड, म्हणजे विजेची मागणी, वाढवायचं मनावर घेतलं. संध्याकाळी दारोदार फिरले.

"वहिनी, एसी लावा. गिझर बी लावा."

मे महिन्यात गिझर. एवढी वर्षं विजेत काढलेल्या माणसाला वाटलं, आमची एक कॉलनी राज्याला घाम फोडेल. भिडेखातर लोकांनी लावलं सगळं, आणि कॉलनीची डीपी उडाली. होता तो लोडही गेला.

मी तणतणत गच्चीवर गेलो. साळवे मोबाइल घेऊन अंधारात बसले होते.

"अक्कल गहाण टाकलीत का?"

"साहेबाचा फोन येतो ना, तवा तो म्हणतो, साळवे, लवकर या," ते म्हणाले. "बायको गेल्यापासून मला या म्हणणारं दुसरं कुणी नाय."

मला फार वाईट वाटलं. पण भांडायला गेलेल्या माणसाला ते बोलून दाखवता येत नाही. मी खाली आलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी पिठलं-भाकरी होती. मी वर फोन लावला आणि म्हणालो, "साळवे, लवकर या."

फोन कुणाचा, हे त्यांनी बघितलंही नसावं. जिन्यात बूट वाजले. दार उघडलं तर अंगात युनिफॉर्म, डोक्याला हेल्मेट, धाप लागलेली.

"जेवायला," मी म्हणालो.

ते उंबऱ्याबाहेरच थांबले. मग हेल्मेट काढून काखेत धरलं.

"उशीर तर नाय ना झाला?" त्यांनी विचारलं.