तनयाचा शास्त्रशुद्ध अभ्यास

जी गोष्ट माणसाला आपोआप येते ती त्याला शास्त्रशुद्ध येत नाही, हे शिक्षणातलं मूलभूत सत्य आहे. भिवंडीतल्या कामतघरच्या तनयाला अभ्यास आपोआप येत होता. खाली कापडाच्या लूमची खटखट, वर ही पुस्तक घेऊन बसलेली. बारावीला मार्क उत्तम. म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

कॉलेजच्या पहिल्याच आठवड्यात ते उघडकीस आलं. नव्या विद्यार्थ्यांनी 'अध्ययन कौशल्य' हा सशुल्क वर्ग करावा, अशी सूचना लागली. (वर्ग ऐच्छिक होता. न करणाऱ्यांनी पालकांच्या सहीने लेखी कारण द्यायचं होतं.) तनयाचे वडील रामदास कचेरीत कारकून. लेखी कारण दिल्यावर पुढे काय काय होतं, हे त्यांना पक्कं ठाऊक. त्यांनी मुकाट फी भरली.

वर्ग घेणाऱ्या आल्हाद सरांनी तनयाला विचारलं, "अभ्यास कसा करतेस?"

"वाचते."

"मग?"

"समजतं."

"मध्ये काहीच करत नाहीस?" सरांना मनापासून वाईट वाटलं.

मग तनया शिकली: आधी बैठक, मग आराखडा, मग चार रंगांत अधोरेखन, मग आराखड्याचा आढावा आणि वेळ उरल्यास वाचन. लूमचा आवाज एकाग्रतेला घातक ठरल्यामुळे ती कानात बोळे घालून बसू लागली. (भिवंडीत सुताला तोटा नाही, कापूस मात्र मेडिकलमधून आणावा लागला.) आई जेवायला हाका मारून दमली.

परीक्षेत तनयाने पेपरचा सुंदर आराखडा केला. चौथा रंग भरत असताना घंटा झाली. दोन विषय गेले.

निकालाच्या दिवशी ती रडत म्हणाली, "बाबा, मला आधी येत होतं हो!"

"आधी कोणी तपासलं नव्हतं ना, बाळा," रामदास हळूच म्हणाले. त्यांचेही डोळे भरून आले होते.

वर्गाचा अहवाल मात्र समाधानकारक आहे. आपल्याला अभ्यास येत नाही याची जाणीव शंभर टक्के विद्यार्थ्यांना झाली; वर्गापूर्वी हे प्रमाण जवळजवळ शून्य होतं. या यशामुळे प्रगत वर्ग सुरू झाला. तनयाचं नाव पहिलं लागलं.

तुम्ही हसताय, हसा. पण तुमच्या शेजाऱ्यांनी परवाच आपल्या मुलाचं नाव गुपचूप घातलं, आणि आता थोड्याच जागा उरल्यात.

बघा, थांबलं हसू.