नकाशात नसलेल्या बेटावरचे दहा शिक्के

आमच्या नगर कार्यालयात कुणाचंही काम नाकारलं जात नाही. कमरेत वाकून, माफी मागून ते फक्त पुढच्या खिडकीवर पाठवलं जातं. सात नंबरची खिडकी पर्यटन विभागाची, म्हणजे माझी. इथवर पोचलेल्या माणसाच्या पदरात आधीच्या सहा खिडक्यांच्या माफ्या पडलेल्या असतात.

एकोणनव्वद वर्षांच्या मुरोझुमी आजी मंगळवारी तशाच आल्या, खोकत. समोरच्या ओबोरो बेटावर दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जपानी लष्कराचा विषारी वायूचा कारखाना होता. चौदाव्या वर्षी त्यांना शाळेतून उचलून तिथे पिंपं वाहायला लावलं होतं. त्या धुराने पोखरलेल्या फुप्फुसांवर आता मोफत उपचार मिळतात. अट एकच. काम केलं त्या वर्षीच्या नकाशावर कामाच्या जागेभोवती गोल करायचा. आणि त्या वर्षीच्या नकाशात बेटच नव्हतं. कारखाना गुप्त राहावा म्हणून लष्कराने ते पुसून टाकलं होतं.

"इथे समुद्र दिसतोय," आमचे इनागाकी साहेब नकाशावर भिंग धरून म्हणाले. "अत्यंत दिलगीर आहे."

"मग मी काय पोहत पोहत पिंपं वाहिली?"

"तसं असेल तर मत्स्य विभाग. खिडकी तीन."

"तिथूनच आले. बुडी मारायचा परवाना होता का, विचारत होते."

साहेब पुन्हा वाकले. मला त्यांचा भयंकर राग आला. मी पर्यटकांसाठीचा नवा नकाशा पसरला. त्यात बेट होतं, गुलाबी रंगात. कारखाना मात्र नव्हता. धक्क्यावर नगराचं बोधचिन्ह असलेला लाडका ऑक्टोपस ताकोमारू उभा होता. त्याच्या तोंडावर विषारी वायूपासून बचावाचा मुखवटा होता, कारण इतिहासालाही योग्य स्थान द्यावं असं बैठकीत ठरलं होतं.

आजींनी 'प्रेमिकांच्या बोगद्या'वर बोट ठेवलं. "हे आमचं कोठार. इथे पिंप गळलं आणि फुमीए गेली. माझ्या वर्गातली होती."

"तिथे आता बदामाच्या आकाराचे दिवे लावलेत," साहेब म्हणाले. "वातावरण छान झालंय."

तेवढ्यात मला युक्ती सुचली. बेटावर पर्यटकांसाठी दहा ठिकाणी शिक्के ठेवलेले असतात. दहाही शिक्के कार्डावर उमटवले की नगरप्रमुखांच्या लाल मोहरेचं प्रमाणपत्र मिळतं : 'सदर व्यक्ती ओबोरो बेटावर प्रत्यक्ष उपस्थित होती.' त्यात तारखेचा रकानाच नाही! अक्कल माझीच, हे इथे कबूल करतो.

गुरुवारी मी आजींना बोटीने घेऊन गेलो. सगळं बेट चढउताराचं. सातव्या शिक्क्याला त्या मटकन खाली बसल्या.

"आजी, राहू द्या."

"गप रे! विषाने नाही मेले, ती शाईने मरेन होय?"

अडीच तासांत दहा शिक्के झाले. परतताना धक्क्यावर ताकोमारूच्या पुतळ्याजवळ त्यांना खोकल्याची उबळ आली. चारचौघांत खोकायचं कसं, म्हणून त्यांनी ओठ घट्ट दाबून धरले. गाल फुगले, डोळ्यांत पाणी आलं. आमच्या प्रसिद्धी विभागाने नेमका तेव्हाच फोटो काढला आणि 'आजींचे आनंदाश्रू' म्हणून इंटरनेटवर टाकला.

प्रमाणपत्र जोडून आजींचा अर्ज पाठवला. पंधराव्या दिवशी आरोग्य विभागाचं अतिशय नम्र पत्र आलं. आजी बेटावर होत्या, हे सिद्ध झालं होतं. त्याबद्दल अभिनंदन. मात्र अडीच तासांत डोंगर चढून दहा शिक्के गोळा करणारी व्यक्ती आजारी असू शकत नाही. सबब अर्ज नामंजूर. शिवाय फोटोखाली चौतीस हजार नागरिकांनी अंगठे उंचावून 'किती ठणठणीत!', 'शंभरी नक्की गाठणार!' असे अभिप्राय दिले होते. ते विभागाने पुरावा म्हणून ग्राह्य धरले होते.

आजींनी पत्र दोनदा वाचलं. "ही एवढी माणसं कोण रे? मला तपासलं कधी यांनी?"

मला लाज वाटली. पत्रासोबत अंगठे उंचावणाऱ्या सगळ्यांच्या नावांची यादी जोडली होती, ती चाळत बसलो.

तुमचं नाव सोळाव्या पानावर आहे.