नैर्ऋत्य कोपऱ्यातले एकशे चाळीस किलो

चाकांवरच्या घराला वास्तुशास्त्र लागू होते की नाही, या प्रश्नावर न्यूझीलंडच्या फ्लॅट बुश उपनगरातील एका घरात अडीच तास चर्चा झाली आणि लागू होते असे ठरले. ठरवणारा रमण होता. तो सॉफ्टवेअर टेस्टर होता. म्हणजे दुसऱ्याने केलेल्या प्रत्येक दाव्याला 'सिद्ध करून दाखवा' असे म्हणण्याचा त्याला पगार मिळत असे. हा गुण तो संध्याकाळी साडेपाचला ऑफिसातच ठेवून येई.

वस्तू साधी होती. साडेचार मीटर लांबीची, अकराशे किलो वजनाची जुनी कॅरॅव्हॅन. ती ओढायला मध्यम आकाराची डबल कॅब पिकअप होती, जिला इथे सगळे यूट म्हणतात. कॅरॅव्हॅन त्याच्या बायकोची, अनुराधाची होती. ती हॉस्पिटलात फार्मसिस्ट होती, आणि अकरा वर्षांत एकाही लाँग वीकेंडला तिला पूर्ण सुट्टी मिळाली नव्हती. २०१६च्या ऑक्टोबरातल्या लेबर वीकेंडला ती मिळाली. रॅग्लनच्या समुद्राकाठी, स्वतःच्या अंथरुणात, कुणाच्याही पेजरशिवाय जागे व्हायचे, एवढीच तिची इच्छा होती.

"अनु, एक आधीच सांगतो," रमण म्हणाला. "पहिल्याच प्रवासात काही अपशकुन झाला ना, तर ही वस्तू दारात ठेवायची नाही. सरळ विकायची."

"चालेल," अनुराधा म्हणाली. वजन नीट भरले तर अपशकुनाची शक्यता फारच कमी आहे, हे तिने मॅन्युअलमध्ये वाचले होते. वजन भरण्याचे काम मॅन्युअलकडे राहणार नाही, हे तिला अजून कळायचे होते.

रमणच्या श्रद्धेला इतिहास होता. अवोन्डेलच्या घरात असताना त्याची बढती दोनदा हुकली. हिल्सबरोला राहणाऱ्या शकुने, अनुराधाच्या मैत्रिणीने, त्याला पुण्याच्या वास्तुतज्ज्ञ हरीशजींचा नंबर दिला. तुमचे बाथरूम ईशान्येला आहे, असे निदान हरीशजींनी तिथूनच केले. रमणने घर बदलले आणि सात महिन्यांत बढती मिळाली. दरम्यान त्याचा वरिष्ठ निवृत्त झाला होता, ही बाब निष्कर्षात धरली गेली नाही.

शुक्रवारी संध्याकाळी हरीशजी मोबाइलच्या पडद्यावर अवतरले. पुण्यात तेव्हा सकाळ होती आणि ते उपमा खात होते.

"तोंड कुठे आहे वाहनाचं?"

रमणने फोनमधले होकायंत्र पाहिले. "ड्राइव्हवेमध्ये ईशान्येकडे आहे, गुरुजी. स्वयंपाकाचा ओटा उजवीकडे."

"म्हणजे आग्नेयेला. बघा! बनवणारा गोरा असला तरी त्याच्याकडून बरोबर झालं. शास्त्र आहे हे."

"आणि गाडी वळली की?" अनुराधाने मागून विचारले. "पहिल्याच कोपऱ्यावर ओटा नैर्ऋत्येला जाईल."

हरीशजींनी चमचा खाली ठेवला. अज्ञानी माणसाची कीव करताना ते नेहमी चमचा खाली ठेवत असावेत. "ताई, चालत्या गाडीची दिशा धरत नाहीत. वाहन जिथे विसाव्याला असतं ना, तिथली दिशा धरायची. जड वस्तू सगळ्या नैर्ऋत्येला. ईशान्य रिकामी, पवित्र. तिथे फक्त देव आणि तांब्याभर पाणी."

कॅरॅव्हॅनचे नाक ईशान्येला असल्याने नैर्ऋत्य म्हणजे शेपूट. पुढच्या पेटीतले सगळे सामान मागे गेले. पाण्याचे दोन पिंप, अवजारांची पेटी, वेट ग्राइंडर, बिडाचा तवा, दहा किलो तांदूळ, घडीचे टेबल आणि एक सुटी बॅटरी. एकूण एकशे चाळीस किलो. तीन दिवसांच्या सहलीला वेट ग्राइंडर का लागतो, हा प्रश्न या गोष्टीच्या कक्षेबाहेरचा आहे. ज्यांच्या घरी तो आहे त्यांना विचारावे लागत नाही. पुढे एक सुपारीएवढा गणपती आणि तांब्या राहिला.

अनुराधाने बाथरूममधला वजनकाटा आणला आणि कॅरॅव्हॅनच्या नाकाखाली ठेवला. मॅन्युअलप्रमाणे तिथे एकूण वजनाचा दहावा हिस्सा, म्हणजे एकशे दहा किलोच्या आसपास भार यायला हवा होता.

"एकोणीस," ती म्हणाली.

"हलकं आहे ना? मग चांगलंच की! यूटला त्रास कमी."

"रमण, मागे वजन असलं की ती शेपूट हलवते. नाकावर भार हवा."

"अगं, आपली यूट साडेतीन टन ओढते. ही अकराशे किलोची चिमणी आहे!"

"ओढण्याबद्दल बोलतच नाहीये मी. हलण्याबद्दल बोलतेय."

"मॅन्युअल सगळ्यांसाठी लिहिलेलं असतं गं. गुरुजींनी आपल्यासाठी स्पेसिफिक सांगितलंय." रमणने तांदळाची पिशवी, जी तिने मघाशी हळूच पुढे नेली होती, उचलून पुन्हा मागे ठेवली. "हे असं नाहीतर जायचंच नाही."

अकरा वर्षांची वाट आणि एकोणीस किलो यांच्यात अनुराधाने चुकीची निवड केली. ताशी ऐंशीच्या वर जायचे नाही, असे वचन घेऊन ती गाडीत बसली. हा निष्काळजीपणा होता. रोज औषधांचे डोस तपासणाऱ्या बाईकडून तो अपेक्षित नव्हता, हे तिने पुढे स्वतःच कबूल केले. वजनकाटा मात्र तिने पायाशी घेतला.

शनिवारी सकाळी, शहराबाहेरच्या बॉम्बे हिल्स टेकड्यांचा चढ रमणने सत्तरने चढवला. उतार लागला तेव्हा त्याला एका ट्रकने मागे टाकले, आणि पुरुषाच्या मनात ट्रकमुळे जे होते ते झाले.

"ब्याण्णव," अनुराधा म्हणाली. "रमण, ब्याण्णव!"

"उतार आहे अगं, आपोआप..."

मागून एक मंद झोका आला. मग दुसरा, थोडा मोठा. मग कॅरॅव्हॅनने डावी मार्गिका, उजवी मार्गिका आणि पुन्हा डावी मार्गिका अशी क्रमाने तपासणी सुरू केली. यूटचे बूड तिच्याबरोबर फिरू लागले. कोण कोणाला ओढत होते, हे या क्षणी निश्चित सांगता आले नसते.

"गुरुजी!" रमण ओरडला आणि त्याने ब्रेक दाबला. झोका दुप्पट झाला.

"ब्रेक नको! पाय काढ नुसता! स्टिअरिंग सरळ धर!"

"डॅड! लिसन टू मम!" मागच्या सीटवरून तेरा वर्षांची श्रिया किंचाळली.

पाय निघाला. वेग साठवर, मग चाळीसवर आला. कॅरॅव्हॅनने दोन उसासे टाकले आणि ती आज्ञाधारकपणे मागे येऊ लागली. रमणने कडेला गाडी थांबवली. त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता.

त्यांच्या मागे घोड्याचा ट्रेलर ओढणारा एक म्हातारा थांबला. पायात जँडल्स, म्हणजे रबरी चपला, आणि डोक्यावर लोकरी टोपी. त्याने कॅरॅव्हॅनची मागची खिडकी वाकून पाहिली, आतले पिंप पाहिले आणि रमणच्या काचेवर टकटक केली.

"टू मच वेट अप द बॅक, मेट." तीस वर्षे घोडे ओढत असल्याचेही त्याने सांगितले.

"थँक यू, थँक यू," रमण म्हणाला आणि मराठीत वळला. "याला काय कळतंय?"

"डॅड, इट्स जस्ट लीव्हर्स," श्रिया म्हणाली. "वी डिड इट इन इयर एट."

"शाळेतलं नको सांगूस मला! हा संकेत आहे. एवढं सगळं शास्त्राप्रमाणे केलं, तरी झालं. म्हणजे वस्तूतच दोष आहे. अनु, परत जायचं. सोमवारी जाहिरात टाकतो."

"विकणार?"

"ठरलंच होतं आपलं."

अनुराधाने पायाशी ठेवलेला वजनकाटा सरळ केला. तिच्यासमोर तीन पुरावे होते: छापील मॅन्युअल, तीस वर्षांचा अनुभव आणि इयत्ता आठवीचे भौतिकशास्त्र. तिघेही रमणपुढे निष्प्रभ ठरले होते. नवऱ्याला पटेल असा युक्तिवाद एकाच दुकानात मिळत होता, आणि त्या दुकानात तिने आयुष्यात पाऊल ठेवले नव्हते.

"रमण," ती शांतपणे म्हणाली, "गुरुजींचं बरोबर होतं. आपलं चुकलं."

रमणने चमकून पाहिले. लग्नाला सोळा वर्षे झाली होती.

"पुढच्या एक्झिटला हळू बाहेर घे. तिसाने. तिथे सांगते."

एक्झिटबाहेर एका कॅफेचे प्रशस्त आवार होते. अनुराधा फोनमधले होकायंत्र उघडून उतरली आणि गाडीपुढे चालू लागली. "अजून ये. थोडं डावीकडे. अजून. अजून... बास!"

"इथे? तिरकी उभी राहिली की!"

"तोंड कुठे आहे बघ."

रमणने पाहिले. "नैर्ऋत्येला."

"गुरुजी काय म्हणाले होते? विसाव्याची दिशा धरायची. आपण दिशा धरली ड्राइव्हवेची. घरासमोर काय विसावा घेणार ती? तिथे ती नुसती पार्क केलेली असते. विसावा प्रवासातला. आता मला सांग, नैर्ऋत्य कोपरा कुठला?"

रमण कॅरॅव्हॅनच्या नाकाकडे पाहत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू प्रकाश पसरला.

"पुढचा! म्हणजे आपण सगळं जड सामान... ईशान्येला..."

"देवाच्या जागी वेट ग्राइंडर ठेवला आपण, रमण."

"अरे बाप रे." मग त्याला शंका आली. "पण ओटा? ओटा आता वायव्येला गेला."

"वायव्येला चालतो. दुसऱ्या पसंतीचा. तूच वाचून दाखवलं होतंस."

वीस मिनिटांत पिंप, अवजारे, ग्राइंडर आणि तांदूळ पुढे आले. गणपती मागे गेला. श्रिया तोंडावर हात धरून उभी होती. आईने तिच्याकडे अशा नजरेने पाहिले की हसू आतच राहिले. घोडेवाला म्हाताराही तिथेच खिम्याचा 'मीट पाय' खायला थांबला होता. आपला सल्ला ऐकलेला पाहून त्याने अंगठा वर केला. "स्वीट अ‍ॅज!"

"बघ, त्यालाही पटलं," रमण म्हणाला.

तो आत हात धुवायला गेल्यावर अनुराधाने वजनकाटा नाकाखाली सरकवला. एकशे सात. तिने आकडा कोणालाही सांगितला नाही.

रॅग्लनपर्यंत कॅरॅव्हॅन सावलीसारखी मागे आली. रविवारी सकाळी अनुराधा काळ्या वाळूच्या किनाऱ्यावर, स्वतःच्या अंथरुणात, समुद्राच्या आवाजाने जागी झाली. पुण्यात मध्यरात्र होत आली असूनही बाहेर रमण फोनवर बोलत होता.

"नाही गुरुजी, माझ्या नाही, मिसेसच्या लक्षात आलं! ती आधी मानत नव्हती, तुम्हाला माहीतच आहे."

"मी तर आधीच सांगितलं होतं," पडद्यातून आवाज आला. "नैर्ऋत्य. पण ताईंना दृष्टी आहे हो. उपजत असते काहींना."

अनुराधाने उशी कानावर घेतली. समुद्रही त्यामुळे ऐकू येईनासा झाला.

यानंतर कॅरॅव्हॅन ड्राइव्हवेमध्येही नैर्ऋत्येकडे तोंड करून उभी राहू लागली. ती तशी उलटी लावायला रमणला दर खेपेस पाऊण तास लागे. कॅरॅव्हॅन राहिली, आणि वजन कायम नाकावर राहिले. हरीशजींनी मात्र आपल्या शिष्यांच्या ग्रुपवर 'न्यूझीलंडच्या अनुराधाताईंचा प्रत्यय' टाकला. दिवाळीच्या कार्यक्रमात मराठी मंडळाच्या दोन बायकांनी तिला कोपऱ्यात घेऊन फ्रीज कुठे ठेवावा ते विचारले. हे सगळे थोतांड आहे, असे तिने स्पष्ट सांगितले. 'किती विनम्र आहे,' असे त्या आपसात म्हणाल्या.

डिसेंबरात शकुचा फोन आला.

"अगं, आमच्या ह्यांनी बोट घेतलीय. माझं डोकं फिरायची वेळ आलीय. हरीशजी फोन उचलत नाहीत, म्हणून तुला विचारते."

"शकु, मी त्यातली नाही. ऐक, खरंच सांगते—"

"ती नांगराला बांधलेली असते ना, वारा फिरला की तोंड फिरतं. दिवसातून चारदा! मग नैर्ऋत्य धरायची कुठली? यांनी आपलं सगळं सामान, डिझेलचे कॅन, पाणी, सगळं एकाच कोपऱ्यात रचून ठेवलंय. बोट अशी एका बाजूला कलते की मला बघवत नाही. उद्या पोरांना घेऊन निघणार म्हणतायत. मी सांगून थकले, ऐकतच नाहीत माझं!"

अनुराधाने बोलायला उघडलेले तोंड मिटले. खिडकीबाहेर रमण पाण्याचा पिंप दोन्ही हातांनी कवटाळून, अत्यंत भक्तिभावाने, कॅरॅव्हॅनच्या पुढच्या पेटीत ठेवत होता.

तिने टेबलावरची वही ओढली आणि पेनाचे टोपण काढले.

"घाबरू नकोस," ती म्हणाली. "आधी मला सांग, आत्ता या क्षणी तोंड कुठल्या दिशेला आहे?"