पायवाल्या साहेबांचा पाय

"झालं साहेब. चला आता बोटीवर," वेल्डरमामांनी तोंडावरचा मुखवटा वर केला आणि हुश्श केलं.

"मला नाही येता येणार," साहेब म्हणाले.

"का बरं?"

साहेबांनी खाली बोट दाखवलं. रॉकेटच्या चौथ्या पायावरची लोखंडी पकड तराफ्याला अगदी पक्की जोडली गेली होती आणि तिच्या कडेखाली साहेबांच्या उजव्या बुटाचं टोकही दाबून बसलं होतं. मामांनी कपाळावर हात मारून घेतला. पकड सरकू नये म्हणून साहेब ती पायाने रेटून उभे होते खरे, पण त्यांची नजर सगळा वेळ वर. आणि मुखवट्यामागच्या मामांना ठिणग्यांपलीकडे काही दिसत नव्हतं. हा पराक्रम दोघांनी मिळून केलेला होता.

साहेबांना ऑफिसात सगळे 'पायवाले' म्हणत. इंजिन दुसऱ्यांचं, मेंदू तिसऱ्यांचा, रॉकेटचे पाय तेवढे यांचे. वर सामान पोचवून परत येणारं रॉकेट भर समुद्रात, तराफ्यावर उभं उतरवायचं, हे त्यांच्या कंपनीचं वेड. आजवरची सगळी रॉकेटं तराफ्यावर टेकली आणि आडवी झाली. "आम्ही दारापर्यंत आणून देतो, तुमचे पाय माती खातात," असं इंजिनवाले चहाच्या वेळी ऐकवायचे. आज सकाळी मात्र ढगातून एक ठिपका आला, ठिपक्याचा खांब झाला, खांबाखाली जाळ पेटला आणि उंच इमारतीएवढं ते धूड, झोपलेलं मूल गादीवर ठेवावं तसं, हलत्या तराफ्यावर टेकलं. टेकलं आणि उभंच राहिलं. साहेबांनी हे लांबून, बोटीवरून पाहिलं. दुर्बीण मात्र बराच वेळ डोळ्यांवरून काढली नाही, कारण डोळे वाहत होते आणि शेजारी इंजिनवाले उभे होते.

उरलंसुरलं इंधन सोडून दिल्यावर साहेब आणि मामा या दोघांना तराफ्यावर जायची परवानगी मिळाली. लाटांबरोबर रॉकेट सरकत होतं. त्याला जखडायचं आणि ताबडतोब परतायचं, मग माणसं नसलेला तराफा बोटीने बंदरात ओढून न्यायचा, असं ठरलं होतं.

"अजून तिथेच?" वॉकीटॉकीतून कॅप्टनबाई कडाडल्या. "वारा वाढतोय!"

"मॅडम, साहेबांचा पाय पकडीखाली सापडलाय," मामा म्हणाले.

"मग पकड कापा."

"कापली तर रॉकेट घसरून पाण्यात जाईल."

"अहो, मग पाय बुटातून काढा की!"

मामांनी साहेबांकडे पाहिलं. साहेब कण्हले. "निघत नाहीये. सुजलाय."

झालं! तराफ्यावर माणसं असतील तर तो जोरात ओढायचा नाही, असा नियम. म्हणून बोट गोगलगाईच्या चालीने निघाली. बोट रेंगाळली म्हणून बंदरावर भाषणं पाठ करून आलेले संचालक ताटकळले. संचालक ताटकळले म्हणून डॉक्टर बोलावले गेले. डॉक्टरांनी वॉकीटॉकीवरून उपाय सांगितला, बुटात तेल ओता. बोटीवरच्या स्वयंपाक्याने तेलाचा डबा दोरीवरून धाडला, त्यातलं निम्मं तराफ्यावर सांडलं आणि त्यावरून मामा जे घसरले, ते रॉकेटच्या पायाला मिठी मारूनच थांबले. शेवटी घरी कळवलेलं बरं म्हणून कोणीतरी साहेबांच्या बायकोला फोन जोडून दिला.

"आपल्या दिवाणाचा पाय निघालाय, तिथे वर्षभर विटा लावल्यात," पलीकडून आवाज आला, "आणि तुम्ही परक्याच्या पायाखाली पाय देऊन बसलात?" मग तोच आवाज खाली आला. "फार दुखतंय का हो?"

"नाही गं... म्हणजे, हो."

"थांबा. मी बंदरावर येतेय."

इकडे मामा तेलातून उठत होते. त्यांच्या अगदी डोळ्यांसमोर साहेबांची उजवी टाच बुटातून अलगद बाहेर आली, डाव्या पोटरीवर खसाखसा घासली गेली आणि गुपचूप परत आत गेली.

"साहेब, टाच बाहेर आली होती."

"आली होती."

"म्हणजे पाय निघतोय?"

"पहिल्यापासून."

मामांचा पारा चढला. "तेलात लोळवलंत की मला! कशापायी?"

साहेबांनी रॉकेटच्या पायावर तळहात ठेवला. "मामा, याच्या आत मधाच्या पोळ्यासारखी एक जाळी आहे. टेकताना ती स्वतः चिरडली जाते आणि सगळा धक्का पिऊन टाकते. माझी अर्धी नोकरी त्या जाळीत गेली. बंदरात पोचलं की हे पाय उतरवून, कापून तपासणार. स्वतःच्या पायांवर उभं असं हे फक्त आजच दिसणार. आणि मी तिकडे जाऊन दुर्बीण लावून बसू? हात तर लावून बघा."

मामांनी चिडूनच हात लावला. पाय अजून कोमट होता. आत निवणारा धातू टक् टक् करत होता. वर काजळीने काळं झालेलं अंग, त्याच्या वर पांढरं, आणि मग नुसतं आभाळ. मामांची मान मागे गेली ती मागेच राहिली.

"कुठवर गेलं होतं हे?"

"हवा संपते, त्याच्याही वर."

"आणि आपला एवढासा तराफा बरोबर शोधून आलं?"

"बरोबर शोधून."

मामांनी दुसरा हातही त्या पायावर ठेवला. आपण रागावलोय हेही ते विसरून गेले.

"काय म्हणतोय पाय?" कॅप्टनबाईंनी विचारलं.

मामांनी वॉकीटॉकी तोंडाशी धरला. "आणखी सुजलाय, मॅडम. सावकाशच घ्या."

बंदरात क्रेनने रॉकेटला वरून धरल्यावर मामांनी चौथी पकड अगदी जपून, म्हणजे उगाच वेळ काढत कापली. डॉक्टरांनी पाय हातात घेतला. तो तेलकट होता, बाकी ठणठणीत.

"सूज कुठे आहे?"

"तुमच्या तेलाने उतरली," मामा म्हणाले, आणि डॉक्टर स्वतःवर खूश झाले.

तेवढ्यात बायको शिडी चढून तराफ्यावर आली. तिने बूट पाहिला, पाय पाहिला आणि मग नवऱ्याचे लाल डोळे पाहिले.

"निघत होता ना?" ती हळूच म्हणाली.

"होता."

"वाटलंच मला! दिवसभर इथे माझा जीव टांगणीला, आणि तुम्ही..."

साहेबांची नजर पुन्हा वर गेली होती, म्हणून तिनेही वर पाहिलं. इतकी वर्षं जेवताना ज्या पायांचं गुऱ्हाळ तिने ऐकलं होतं, ते चारही पाय समोर रोवलेले होते आणि त्यांच्यावर ते आभाळातून आलेलं प्रचंड काहीतरी उभं होतं. तिचं वाक्य अर्धंच राहिलं.

"तराफा रिकामा करा!" क्रेनवाला ओरडला. "चला बाई," डॉक्टर म्हणाले.

बायको नवऱ्याशेजारी त्या तेलातच मटकन खाली बसली आणि तिने दोन्ही हातांनी स्वतःचा घोटा धरला.

"डॉक्टर, माझा पाय मुरगळला हो," ती वर बघतच म्हणाली. "जागचं हलताच येत नाहीये."